घरकुलाखालची जमीन

नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामसभेत घरकुलाचा विषय निघाला की बोलणे हमखास एका ठिकाणी येऊन अडते. ‘ड’ यादीत नाव आहे, मंजुरी आली आहे, आधार जोडून झाले, बँकेत खाते उघडले. पण जागा नाही. कुणी सुचवते, भावाच्या वाट्यात बांध. कुणी म्हणते, सासऱ्याच्या नावचा नमुना आठ लावून बघ. ग्रामपंचायतीचा कागद हाती येईपर्यंत मुदत जवळ येते आणि ज्याला सगळ्यांत आधी घर मिळायला हवे, तोच यादीत मागे ढकलला जातो. या पुस्तकाचा विषय हा अडलेला प्रश्न आहे. गावात राहणाऱ्या, गावात राबणाऱ्या माणसाला गावातच परवडणारे घर कसे मिळेल आणि ते मिळवून देण्याचे काम गावाने स्वतःच्या हाती कसे घ्यावे, एवढेच त्याला सांगायचे आहे.

घरासाठी सरकार काय देते, ते आधी पाहू. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर घातली. त्यांतले १५ हजार सौरऊर्जेसाठी. पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरणही ठरले. आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जातींसाठी रमाई, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, अशा राज्याच्या योजना आहेतच. सगळे धरून दोन लाखांच्या आसपास रक्कम उभी राहते. ती अपुरी आहे, गवंडी आणि सिमेंटचे भाव तिला केव्हाच मागे टाकून गेले आहेत. तरीही माझे मत असे की, नाशिकच्या खेड्यात घर अडते ते पैशापेक्षा जागेवर. पैसा कमी पडला तर माणूस घरच्यांच्या हातांनी भिंती चढवतो, पत्रे टाकून पावसाळा काढतो. पायाखाली जमीनच नसेल तर त्याच्या कष्टाला काही किंमत उरत नाही.

जमीन का नाही, याचे उत्तर गावठाणाच्या नकाशात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमीनमोजणी झाली तेव्हा शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि वस्तीच्या जागेभोवती रेघ ओढून तिला गावठाण म्हटले गेले. पुढे लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली, रेघ मात्र बहुतेक ठिकाणी तिथेच राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गावठाण विस्तार हे शब्दही महसूल खात्याला नवे नाहीत. पण त्यासाठी गावाने मागणी करावी लागते, जागा दाखवावी लागते, आणि वर्षानुवर्षे फायलीच्या मागे फिरावे लागते. ज्यांना विस्ताराची खरी गरज असते त्यांच्यापाशी नेमका तेवढा वेळ नसतो, आणि ज्यांच्यापाशी वेळ असतो त्यांची घरे आधीच झालेली असतात.

गावठाणाच्या आतही कागद कच्चाच होता. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीची आकारणी आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हे भल्याभल्यांना ठाऊक नसते. पिढ्यान्‌पिढ्या घरपट्टी भरणाऱ्या माणसाला बँक कर्ज नाकारते तेव्हा त्याला हे कळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्तापत्रके देण्याचे काम सुरू झाले. त्याचा उपयोग निश्चित आहे. मात्र ड्रोन गावठाणाच्या रेघेच्या आतले मोजतो. जिचा मूळ प्रश्न रेघेबाहेर असण्याचाच आहे, त्या वस्तीला त्यातून फार काही मिळत नाही.

आणि जिल्ह्याच्या पश्चिमेला ही रेघही धड नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, दिंडोरी या पट्ट्यात गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. महसुली गाव एक, पाडे सहा-सात. गावठाण असलेच तर एकाच पाड्याला. बाकीचे पाडे कुणाच्या तरी सातबाऱ्यावर, नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर. कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांची घरे ज्या जमिनीवर उभी आहेत, तिच्या उताऱ्यावर अनेकदा आजोबा-पणजोबांचेच नाव असते आणि वारस तीस-चाळीस झालेले असतात. एकाने घरकूल बांधायचे म्हटले की सगळ्यांच्या सह्या लागतात. त्यातला एक भाऊ मजुरीला वापीला असतो, एक बहीण लग्न होऊन धरमपूरकडे गेलेली असते. कातकऱ्यांचे तर त्याहून वाईट. त्यांची वस्ती ज्याच्या शेतात, त्याच्या मर्जीवर ती टिकते किंवा उठते. वास्तविक १९४८ च्या कूळकायद्यात कूळ, शेतमजूर आणि गावकारागीर यांना दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या राहत्या घरातून सहजासहजी हुसकता येऊ नये, घराखालची जागा त्यांना घेता यावी, अशी तरतूद आहे. पाऊणशे वर्षे ती पुस्तकात आहे. ती वापरलेली वस्ती शोधावी लागते.

पूर्वी जागा नसली तरी कुणी कुणाला फारसे हटकत नसे, कारण जमिनीला बाजारभाव नव्हता. आता तो आहे. मुंबईपासून तीन-चार तासांवरच्या इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या हिरव्या डोंगरांत फार्महाउस आणि रिसॉर्ट उभी राहिली. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरीतून गेला. दिंडोरीत वायनरी आल्या, शहर मखमलाबाद-गंगापूरच्या पुढे सरकले. त्यात गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन निवासी वापरासाठी अकृषिक धरण्याची सोय कायद्यात झाली. हेतू गावकऱ्यांना घरे बांधता यावीत हा असेल. पण त्या २०० मीटरांत जो भाव निघाला, तो देण्याची ऐपत गावाबाहेरच्यांची होती. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने भूमिहीनाला घरकुलाची जागा घेण्यासाठी जे अर्थसाहाय्य मिळते, ते आधी ५० हजार होते आणि नंतर एक लाखापर्यंत वाढवले गेले. महामार्गालगतच्या गावात एवढ्या पैशांत ५०० चौरस फूट तुकडा कोण देईल? तुकडेबंदीच्या कायद्याने इतका छोटा तुकडा विकायलाही बंदी होती. २०२४ च्या नियमांनी घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी एक हजार चौरस फुटांपर्यंत ती गाठ सैल केली, हे बरे झाले. पण गाठ सुटली म्हणून विकणारा स्वस्तात विकत नाही.

जमिनीचा हा झगडा नाशिकला नवा नाही. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी जन्मलेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा वाहिली आणि पुढे भूमिहीनांचे लढे उभे केले. १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीन सत्याग्रह मराठी मुलखाच्या आठवणीत आहे. देवळाचे दार उघडायला निघालेला माणूस शेवटी जमिनीपाशी येऊन थांबला, यातली संगती मला फार मोलाची वाटते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत, सुमारे १८० किलोमीटर, किसान सभेच्या झेंड्याखाली जे हजारो पाय चालले त्यांत सुरगाणा-पेठ-दिंडोरीचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. वनजमिनीचे दावे निकाली काढा, ही त्यांची मुख्य मागणी. दलित, शेतकरी स्त्रिया, आदिवासी. तिघांनी वेगवेगळ्या काळात एकच गोष्ट मागितली.

जागा मिळाल्यावर घर बांधायचे कुणी, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर महाराष्ट्र एकदा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनात दोन वाटा निघाल्या. जी गावे पूर्ण कोसळली होती त्यांतली पन्नासेक गावे नव्या जागी वसवली गेली. ती बहुतांशी ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरे. जुन्या गावातला वाडा, बोळ, गोठा, ओटा त्यांत कुठेच नव्हता. दुसऱ्या वाटेवर हजाराहून अधिक गावांतली कमी नुकसान झालेली घरे होती. तिथे सरकारने मदत थेट कुटुंबाला दिली आणि दुरुस्ती-मजबुतीकरण घरमालकानेच करायचे ठरले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. याच बायकांनी शेजाऱ्यांना हप्त्याचे नियम समजावले, सिमेंट-वाळूचे प्रमाण पाहिले, कोपऱ्यांतल्या सळया तपासल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारले. घर बांधताना त्या गावाच्या कारभारातही शिरल्या आणि नंतर बचतगटांतून टिकून राहिल्या. मराठवाड्यातला हा अनुभव नाशिकच्या कुठल्याही घरकूल समितीने आधी वाचावा, असे मला वाटते. म्हणून पुस्तकात त्यावर एक मोठे प्रकरण आहे.

सोलापूरजवळच्या कुंभारी गावची गोष्ट निराळी. तिथे कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था काढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. वसाहतीला गोदुताई परुळेकरांचे नाव दिले. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे सुपूर्द झाली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि रोजंदारीतून साठवलेला बाईचा स्वतःचा वाटा, असे ते गणित होते. पुढे तिथेच ३० हजार घरांचे रे नगर आले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. हजारो घरांचा हा पसारा आपल्या पाड्यांना लागू पडणार नाही. लाभार्थ्याने अर्जदार म्हणून रांगेत उभे न राहता संस्थेचा सभासद म्हणून समोर बसायचे, ही रीत मात्र घेण्यासारखी आहे.

आता या पुस्तकाच्या गाभ्याशी येतो. घरकूल झाले, नावावर झाले, आणि दहा वर्षांनी कर्जापायी किंवा आजारपणापायी विकले गेले, तर गावाने काय मिळवले? घरकूल विकायला बंदी असली तरी स्टँपपेपरवरचे आणि तोंडी व्यवहार कोण थांबवणार? स्थानिकांसाठी म्हणून काढलेली जागा एका व्यवहारात बाजारात जाते आणि पुढच्या पिढीचा मुलगा पुन्हा जागा शोधत फिरतो. यावर उपाय म्हणून जगभर एक रचना रुजली आहे: जमीन समाजाच्या विश्वस्त संस्थेकडे राहते, घर कुटुंबाचे असते. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदते. गाव सोडायचे झाले तर घराच्या बांधणीची रास्त किंमत घेऊन ते संस्थेकडे परत देते आणि यादीतले पुढचे कुटुंब तिथे येते. जमिनीच्या वाढलेल्या भावावर कुणा एकाचा हक्क नसतो. इंग्लंडमधल्या खेड्यांत, जिथे शहरी लोकांच्या सुटीतल्या घरांमुळे गावच्या तरुणांना घर घेणे अशक्य झाले होते, तिथे ही रचना उपयोगी पडली. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट मिनव्हर परिसरात स्थानिक कुटुंबांनी अशा जमिनीवर स्वतः राबून घरे बांधली. २००८ साली तिथल्या कायद्याने या संस्थांची व्याख्याही केली.

पण तिचे मूळ इंग्लंडमध्ये नाही. या रचनेची पहिली संस्था १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी स्थापन केली. तिचे नाव न्यू कम्युनिटीज. पाच हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी सामायिक मालकीत घेतली होती. दुष्काळ आणि वेळेवर न मिळालेली सरकारी कर्जे यांमुळे १९८५ मध्ये ती हातची गेली, विचार मात्र राहिला. ही संस्था घडवणाऱ्यांपैकी रॉबर्ट स्वान यांच्यासमोर जी उदाहरणे होती, त्यांत एक होते विनोबांच्या ग्रामदानाचे. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाने पायी फिरून मांडलेली कल्पना जॉर्जियात गेली, तिथून कॉर्नवॉलला पोहोचली, आणि आपण तिला परदेशी नमुना म्हणून पाहतो! महाराष्ट्रात १९६४ चा ग्रामदान कायदा अजून जिवंत आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये त्याच कायद्याखाली आपली जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही असा नियम केला आणि पाळला.

नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात तर याहून जवळची वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातली जमीन वारशाने मिळते, पण विकता येत नाही. आणि ती पती-पत्नी दोघांच्या नावे होते. सामायिक जमिनीच्या रचनेत जे साधायचे, ते इथे कायद्यानेच दिलेले आहे. शिवाय सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून अधिसूचना काढली आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या शिफारशीने वस्तीलगतच्या वनजमिनीवर घरांसाठी जागा देण्याची वाट उघडली. घरासाठी आदिवासी कुटुंबाला आपले गाव सोडावे लागू नये, हा तिचा हेतू. २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते, स्वतःची ग्रामसभा भरवता येते. या तीन गोष्टी एकत्र धरल्या तर पाड्याच्या ग्रामसभेने सुचवलेली, विकता न येणारी, दोघांच्या नावची घरांची जागा प्रत्यक्षात येऊ शकते. आज ही तीन कामे तीन कचेऱ्यांत आहेत. ती एका ठरावात कशी गुंफायची, याचा मसुदा पुढे दिला आहे.

पूर्वेकडे, निफाड-येवला-नांदगावात, वनजमीन थोडी आणि गायरान जास्त. तिथे अडचण खरी आहे. जगपाल सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले आणि त्याच वर्षी जुलैत राज्याने गायरानाच्या वाटपावर निर्बंध आणले. चराईची जमीन राहिली पाहिजे, हे मलाही मान्य आहे. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्याचे घर तिच्यावरच चालते. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जागांचा अपवाद नोंदलेला आहे, तो सहसा कुणी वाचत नाही. २०२२ मध्ये गायरानावरच्या दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा राज्यभरच्या गरीब वस्त्यांची झोप उडाली. राज्याने २०१८ मध्ये १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरे नियमित करण्याचा निर्णय घेतला होता, तरी पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न होताच. गावाने स्वतः नकाशा मांडून, चराई किती, वस्ती किती, पाणवठा कुठे, हे ठरवून मागणी केली तर तिला वजन येते. एकट्या कुटुंबाचा अर्ज टेबलावर पडून राहतो.

‘गाव’ हा शब्द मी इथे वारंवार वापरतो आहे. त्यात कोण येते, ते नीट सांगायला हवे. गावाने ठरवले, असे म्हणताना पुष्कळदा पाटलांच्या ओट्यावर ठरलेले असते. ज्या ग्रामसभेत बौद्धवाड्याचा माणूस मागे उभा राहतो आणि कातकरी येतच नाही, तिच्या हाती जमीन दिली तर गावठाणाची जुनी रेघच नव्याने ओढली जाईल. स्थानिक कोण, याची कसोटी कागदावर ठेवली तर ज्याच्याकडे कागद नाही तोच परका ठरतो. पेठ-सुरगाण्याची माणसे वर्षाचे कित्येक महिने निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत राबतात, बागेच्या कडेला पालात राहतात. त्यांचे घर कुठल्या गावाने धरायचे? माझे उत्तर स्पष्ट आहे: मूळ पाड्यावरचा त्यांचा हक्क शाबूत राहिला पाहिजे, आणि जिथे कुटुंब वर्षानुवर्षे स्थायिक झाले असेल तिथल्या गावानेही त्यांना आपले मानले पाहिजे. यादी करणाऱ्या समितीत निम्म्या बायका असाव्यात, आणि टाकलेल्या व विधवा स्त्रियांची नावे सर्वांत आधी वाचली जावीत. अशा बाईच्या नावे ना सासरचा उतारा असतो ना माहेरचा.

घराच्या रूपाबद्दल थोडक्यात. योजनेतले किमान घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. इगतपुरीच्या मुसळधार पावसात आणि नांदगावच्या कोरड्या उन्हात तोच स्लॅबचा चौकोन उभा राहतो. पश्चिमेची घरे कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली, उतरत्या कौलांची, पूर्वेची धाब्याची. लोकांना पक्के घर हवे आहे आणि त्यांना ते मिळालेच पाहिजे. कुडाच्या घराचे कौतुक सांगून त्यांना त्यातच ठेवणे अन्यायाचे होईल. पण उतरते छप्पर, पुढची पडवी, भात-नागली ठेवायचा माळा, धूर जाईल अशी चूल या गोष्टी पक्क्या घरातही बसतात. शेतीत इर्जिक आणि सावड यांची सवय असलेल्या माणसांना पाच-सहा घरांचे पाये एकत्र खणणे, विटा-पत्रे एकदम घेऊन भाव उतरवणे अवघड नाही.

कायदेशीर चौकटीही हाताशी आहेत. ग्रामपंचायत जागा धारण करू शकते. १९६० च्या सहकार कायद्याखाली जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे, असा गृहनिर्माण संस्थेचा प्रकार आहे. आणि मुक्त वसाहत योजनेत एका हेक्टरवर वीस कुटुंबे, प्रत्येकी पाच गुंठे, असा वसाहतीचा आराखडा सरकारनेच घालून दिला आहे. यांपैकी कोणता प्रकार कोणत्या गावाला सोयीचा, हे जमीन कुणाची आहे त्यावर ठरेल. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लावली आहेत: आधी खासगी सातबाऱ्यावरच्या वस्त्या, मग गायरान, मग वनजमीन, आणि शेवटी ठरावांचे मसुदे.

कामाला लागणाऱ्या गावाने पहिल्यांदा घरोघर पाहणी करावी. कोणत्या घरात किती चुली, कोण कुणाच्या जागेत, कोणाचा मुलगा लग्नाचा होऊन जागेअभावी अडला आहे, हे गावानेच लिहून काढावे. तयार यादीवर विसंबू नये. पश्चिम पट्ट्यात ही पाहणी भाताची आवणी उरकल्यावर, श्रावणात घ्यावी. तेव्हा माणसे घरी असतात. एकदा द्राक्षांची छाटणी सुरू झाली की अर्धा पाडा खाली बागांत उतरतो, आणि ज्यांच्यासाठी यादी करायची त्यांचीच नावे तिच्यातून गळतात.